चौथा ते सातवा टप्पा

धान्य गोदामाच्या फाटकाला लागून वजनकाट्याची खोली आहे. दहा फूट बाय आठ फूट. एक सरकती खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर लाल आकडे दाखवणारं यंत्र, आणि त्या यंत्रामागे एकतीस वर्षं तोच एक माणूस. लोक त्यांना काटेवाले म्हणतात. त्यांची बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे काटेवाले अजून आले नाहीत" असं म्हणते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

माणूस कामात चोख. भरलेला ट्रक काट्यावर आला की ड्रायव्हरने खाली उतरून पिवळ्या रेघेपलीकडे उभं राहायचं, हा त्यांचा नियम. यंत्रावरचा आकडा आधी थरथरतो. तो पूर्ण स्थिर झाल्याशिवाय ते बटण दाबत नसत, मग मागे रांग लागो नाहीतर हॉर्न वाजोत. एकदा एका ड्रायव्हरने वैतागून विचारलं होतं, "काटेवाले, श्वास घेऊ की धरून ठेवू?"

"घ्या की. पण रेघेच्या पलीकडे."

हे उत्तर गोदामात पुढे कित्येक वर्षं सांगितलं जायचं. त्यांच्या हातची पावती कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. काटेवाल्यांचा आकडा म्हटलं की विषय संपला.

अशा माणसाने तीन वर्षं खोटे आकडे लिहिले. तेही फुलपाखरांचे.

फुलपाखरांचं काम त्यांच्या गळ्यात घातलं बाईंनी. बाईंनी त्यांना शाळेत शास्त्र शिकवलं होतं. गावाबाहेर पाण्याचा एक चर आहे. त्याच्या काठाने पंपघरापासून जुन्या विटभट्टीपर्यंत वाट जाते, दीड किलोमीटरची. मोजणी कार्यालयाने देशभर अशा वाटा ठरवून दिल्या आहेत आणि प्रत्येक वाटेला एक माणूस. त्याने हंगामातले सव्वीस रविवार त्याच वाटेने, त्याच वेळी, त्याच चालीने जायचं आणि दिसतील ती फुलपाखरं मोजायची. या वाटेवर बाई एकोणीस वर्षं चालल्या. मग त्यांची नजर गेली. पूर्ण नाही, डोळ्यांच्या मधोमध एक राखाडी डाग बसला. समोरचं दिसेना, कडेचं दिसे. त्यांच्याशी बोलायला बसलं की त्या मान जराशी वळवून तुमच्या खांद्याकडे बघत, आणि तेव्हाच तुमचा चेहरा त्यांना दिसत असे.

"तू मोजशील," त्या काटेवाल्यांना म्हणाल्या होत्या. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "तुझा हात स्थिर आहे."

काटेवाले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. शाळेत बाईंनी त्यांचं कधी एवढं कौतुक केलं नव्हतं. ते लगेच हो म्हणाले.

बाईंनी पद्धत शिकवली. आपल्याभोवती एक पेटी आहे असं समजायचं. दोन्ही बाजूंना अडीच मीटर, पुढे पाच मीटर. पेटीत आलं ते मोजायचं, बाहेरचं कितीही सुंदर असलं तरी मोजायचं नाही. मागे वळून बघायचं नाही. ऊन हवं. वाऱ्याने पानं हलली तर चालेल, फांद्या हलल्या तर परत फिरायचं. वाटेचे दहा टप्पे आणि टप्प्यागणिक वेगळा रकाना. आणि शेवटची गोष्ट बाईंनी बोट वर करून सांगितली होती, शाळेत सांगत तशी.

"काही दिसलं नाही तर रकाना रिकामा ठेवायचा नाही. शून्य लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे तू गेलाच नाहीस. शून्य म्हणजे तू गेलास, पाहिलंस, आणि नव्हतं. फरक कळतो ना?"

"कळतो, बाई."

कळत होताच. गोदामात रिकामा ट्रकही ते वजन करूनच सोडत.

अकरा वर्षं त्यांनी हे काम काट्यासारखं केलं. रविवारी अकराला निघायचं, साडेबाराला बाईंच्या खोलीवर. बाई शिंप्याच्या दुकानावर राहत. अरुंद जिना, वर एक खोली, खिडकीत दोन कुंड्या, कोपऱ्यात पत्र्याची पेटी आणि पेटीत बाईंच्या एकोणीस वर्षांच्या वह्या. खालून शिलाई यंत्राचा आवाज येत राही. काटेवाले नवी वही उघडून टप्प्याटप्प्याने वाचत, बाई डोळे मिटून ऐकत. फुलपाखरांची नावं बाईंनी घरगुतीच ठेवली होती. चिमणी निळी, लिंबू, तपकिरी डोळेवाली, फाटकी. फाटकीचे पंख कुरतडल्यासारखे दिसत म्हणून फाटकी. कार्यालयाला पाठवायच्या कागदावर शास्त्रीय नावं जात, पण खोलीत हीच चालत.

"फाटकी किती?"

"दोन."

"टप्पा नववा ना? तिथे ती खाजखुजलीची झुडपं आहेत, तिथेच तिच्या अळ्या खातात. बरोबर आहे."

आकडे हळूहळू उतरत होते, हे दोघांनाही माहीत होतं. पण तब्येत उतरावी तसे, आज अर्धी पायरी, उद्या अर्धी. बाई म्हणत, "लिहीत राहा."

मग काटेवाल्यांच्या लेकीचं लग्न झालं आणि जावई घरात आला. जावई शेतीतला, शिकलेला, चलाख. लग्नानंतर वर्षभरात त्याने चराकाठची तीन शेतं कसायला घेतली, मधले दोन बांध काढून एकच मोठं शेत केलं आणि त्यात नुसता गहू पेरला. बी विकत आणलेलं, आधीच औषध लावून गुलाबी केलेलं. फवारणीचं यंत्र असं की दोन्ही बाजूंच्या दांड्या उघडल्या की साठ फूट रुंद. पहिल्या वर्षी तो शेतातच फवारायचा. चराकाठचा दहा-बारा फुटांचा गवताचा पट्टा त्याने तसाच सोडला होता. काटेवाल्यांच्या वाटेचा चौथा ते सातवा टप्पा याच पट्ट्यातून जायचा.

त्या हंगामात जावयाचा गहू गोदामात आला. ट्रकमधून नमुना काढला, चाळला, तर त्यात तणाचं बी निघालं. मर्यादेच्या वर. नियमाप्रमाणे वजनात घट धरायची असते. काटेवाल्यांनी धरली. दीड टक्का.

"मामा," जावई खिडकीत कोपर टेकून म्हणाला, "घरचा माणूस आहे मी."

"रेघेपलीकडे," काटेवाले म्हणाले, आणि रांगेतले लोक हसले. जावईही हसला. पण पुढच्या वर्षी त्याने चराच्या पाण्यापर्यंत तणनाशक मारलं. बी तिथूनच येत होतं, त्याचंही खोटं नव्हतं.

खोट्याची सुरुवात मात्र त्या फवारणीने झाली नाही, हे काटेवाल्यांना पक्कं आठवतं. आठवू नये असं कितीही वाटलं तरी आठवतं. सुरुवात त्याच्या आधी, त्या सुगीत झाली. गोदाम रविवारीही चालू होतं. दोन रविवार ते काट्यावरून हलू शकले नाहीत. दोन रकाने रिकामे राहणार होते. रिकामा रकाना म्हणजे तू गेलाच नाहीस. आणि ते गेलेच नव्हते. पण इतक्या वर्षांत एकही रविवार चुकवला नाही असं पुढे म्हणता आलं असतं, ही हाव होती. त्यांनी आदल्या वर्षीचे आकडे काढले, एखादा कमी, एखादा जास्त केला आणि लिहून टाकले. कार्यालयाचं नेहमीसारखं आभाराचं पत्र आलं. काहीच झालं नाही.

काही झालं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या हंगामाचा पहिला रविवार. चौथ्या टप्प्यात शिरले तर गवत पिवळं पडून आडवं झालेलं. एका बाजूला गहू हिरवागार, एकसारखा, कापडाच्या ठाणासारखा. दुसऱ्या बाजूला चर. मधे काही नाही. ते त्याच चालीने चालत राहिले, पेटी पुढे ढकलत. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. पेटीत काही आलं नाही. पेन्सिल हातात होती. घरी नीट लिहू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

साडेबाराला बाईंसमोर बसले. पहिले तीन टप्पे वाचले.

"चौथा?" बाई म्हणाल्या. "चिमणी निळी किती?"

खाली शिलाई यंत्र थांबलं होतं. शून्य म्हटलं असतं तर बाईंनी का म्हणून विचारलं असतं. का म्हटल्यावर जावयाचं नाव आलं असतं. आणि जावयाने का फवारलं म्हटल्यावर ती दीड टक्क्याची पावती आली असती, आपल्याच हातची.

"सात," काटेवाले म्हणाले.

बाईंचा चेहरा उजळला. "सात? छान."

तोंडातून गेलेलं वहीत आणणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी "वह्यांना कसर लागते" असं सांगून त्यांनी पत्र्याची पेटी घरी नेली. पुढच्या रविवारपासून चौथ्या टप्प्यात जाणंच त्यांनी सोडलं. चर तिथे शेताला मोठा वळसा घालतो. सडक मात्र तिसऱ्या टप्प्यापासून सरळ पुलाकडे जाते आणि पूल ओलांडला की आठवा टप्पा. ते सडकेने जायचे. पहिले तीन आणि शेवटचे तीन टप्पे इमानाने मोजायचे, आणि मधले चार बाईंच्या जुन्या वह्यांतून उतरवायचे. त्याच आठवड्याचं पान काढायचं, दोन इकडे, एक तिकडे. हे ते जेवणाच्या टेबलावर, चष्मा लावून, पट्टी ठेवून करत. अक्षर सुंदर यायचं.

बाईंसाठी करतो, असं ते मनाशी म्हणत. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच समाधान. ही समजूत त्यांनी दोन हंगाम पुरवून वापरली.

या वर्षी, हंगाम सुरू व्हायच्या आधी, एका संध्याकाळी जावई घरी आला. हातात मिठाईचा पुडा.

"मामा, तुमचे पाय धरायला हवेत."

"का बुवा?"

"अहो, आठवा ते दहावा टप्पा. चराच्या पलीकडचा तो रानटी पट्टा. पाणी समितीचा आहे ना? आम्ही तिघांनी अर्ज केला होता, सपाट करून आमच्या शेताला जोडून द्या म्हणून. दोन वर्षं अडकला होता, फुलपाखरांमुळे." तो हसला. "आणि सुटला पण फुलपाखरांमुळेच. कार्यालयातल्या मॅडमनी तुमच्या वह्या तपासल्या. माझ्या बाजूचा काठ साफ होऊन दोन वर्षं झाली तरी चौथ्या ते सातव्या टप्प्यात फुलपाखरं जशीच्या तशी! उलट वाढलीत म्हणे. मग पलीकडचा पट्टा काढून काय बिघडणार? असा त्यांचाच अहवाल आहे. बुधवारी बैठक आहे. तुम्ही फक्त यायचं, वही माझीच आहे म्हणून सही करायची, झालं."

काटेवाल्यांच्या बायकोने पुडा सोडून एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांना तो तोंडात घालता येईना. हातातच तो चिकट व्हायला लागला.

"मामा, तुमचा आकडा म्हणजे विषय संपला," जावई म्हणाला. तो मनापासून म्हणत होता, तेच वाईट होतं.

जावई गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली नाही.

"म्हणजे बुधवारी तुम्ही जावयाच्या तोंडावर, चार लोकांत सांगणार?"

"तुला काय वाटतं?"

"मला?" तिने ताट ठाणकन मांडणीत ठेवलं. "अहो, खोटं लिहिताना मला विचारलं नाहीत. आता खरं सांगताना कशाला विचारता?"

थोड्या वेळाने, मागे न वळताच, ती म्हणाली, "पोरीचं घर आहे ते. एवढं ध्यानात ठेवा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मंगळवारी दुपारी त्यांनी गोदामातून दोन तासांची रजा काढली. एकतीस वर्षांत अशी रजा त्यांनी पहिल्यांदाच मागितली, म्हणून व्यवस्थापकाने विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?" ते "हो" म्हणाले, आणि आणखी एक खोटं बोललो असं त्यांच्या मनात आलं.

बाई खिडकीशी बसल्या होत्या.

"आज कसा? रविवार नाही."

"बाई, एक सांगायचं होतं. मोजणीत, म्हणजे काही रविवारी, मला सुगीमुळे जमलं नव्हतं. तेव्हा मी अंदाजाने लिहिलं."

हे त्यांनी वाटेत चारदा घोकलं होतं. काही रविवारी. अंदाजाने. दोन्ही शब्द खरे होते आणि दोन्ही मिळून खोटं होतं.

बाईंनी मान वळवली. त्यांच्या खांद्याकडे बघत त्या म्हणाल्या, "किती रविवार?"

"दोन."

"मग दोन रविवारांसाठी तू मंगळवारी आला नसतास."

काटेवाले खुर्चीच्या कडेवर बसले.

"कुठले टप्पे?"

"चौथा ते सातवा," ते म्हणाले. "दोन हंगाम पूर्ण. त्याच्या आधीचे दोन रविवार. मी तिथे जातच नव्हतो, बाई. तिथे काही नाही. जावयाने काठापर्यंत औषध मारलंय. पहिल्या दिवशीच शून्य होतं. चारही टप्प्यांत. आणि उद्या पाणी समितीच्या बैठकीत त्याच वहीवर माझी सही मागितली आहे, पलीकडचा पट्टा काढायला."

"आणि अंदाज कशावरून बांधलास?"

बाईंची मान हळूच कोपऱ्याकडे वळली. पत्र्याची पेटी ठेवायची ती जागा रिकामी होती, फरशीवर चौकोनी डाग होता.

"माझ्या वह्यांवरून," बाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे दोन वर्षं तू मला माझंच वाचून दाखवत होतास."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर काटेवाल्यांना सोपं गेलं असतं. शाळेत असताना त्यांनी बाईंचा आवाज चढलेला ऐकला होता, तो सोसता येत असे. बाई कुंडीतल्या मातीवर बोट फिरवत राहिल्या.

"मला वाटायचं, परत येताहेत," त्या म्हणाल्या. "मी इथे बसून तो काठ डोळ्यांसमोर आणायचे. म्हणायचे, आपल्याला दिसत नाही तर नाही, पण आहेत."

"बाई, मला तुम्हाला वाईट वाटू द्यायचं..."

"ते सोड. ते तू तुझ्या बायकोला सांग. चौथ्यात शून्य आलं तेव्हाच लिहिलं असतंस तर कार्यालयाने त्या वर्षीच विचारलं असतं. आता कोण विचारणार?" जरा थांबून त्या म्हणाल्या, "बुधवारी काय सांगायचं ते पूर्ण सांग. मला सांगितलंस तसं हप्त्याहप्त्याने नको. आणि माझी पेटी आणून ठेव."

संध्याकाळी ते पेटी घेऊन जिना चढले. बाईंनी दार उघडलं, पेटी कुठे ठेवायची ते हाताने दाखवलं आणि दार लावून घेतलं.

पाणी समितीची बैठक एका लांबट खोलीत होती. पंधरा खुर्च्या, भिंतीवर चराचा नकाशा, टेबलावर पाण्याचे ग्लास. कार्यालयातल्या मॅडम तरुण होत्या, तिशीच्या आतल्या. काटेवाले आत येताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"सर, तुम्हाला भेटायची फार इच्छा होती. एकाही रविवारची नोंद चुकलेली नाही, असे कार्यकर्ते आता कुठे मिळतात? आम्ही नव्या लोकांना तुमची वही दाखवतो."

काटेवाल्यांना वाटलं, या क्षणी छत कोसळलं तरी चालेल. छत कोसळलं नाही. मॅडमनी सहीचा कागद पुढे केला, पेनाचं टोपण काढून दिलं.

ते उभे राहिले. वहीतले ते टप्पे, ते रविवार, बाईंच्या जुन्या वह्या, सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. दीड टक्क्याची पावतीसुद्धा सांगितली. बोलताना ते भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. चराची निळी रेघ शेताला वळसा घालून जात होती. बोलून झाल्यावर खोलीत कुणीतरी ग्लास खाली ठेवला, तेवढाच आवाज झाला.

"मामा," जावई म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हे घरी बोलता आलं असतं."

"घरी बोललो असतो तर घरातच राहिलं असतं."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्या रागावल्या नाहीत. कागद उलटा करून त्यांनी मागे काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मग मला अहवाल मागे घ्यावा लागेल. आणि सर, तुमच्या सगळ्या नोंदी बाजूला काढाव्या लागतील. चौदाही वर्षांच्या."

"पण पहिली अकरा वर्षं खरी आहेत," काटेवाले म्हणाले. "नंतरचेही एक ते तीन आणि आठ ते दहा खरे आहेत. त्या दोन रविवारांखेरीज मी एकही..."

"असतील. पण ते तुम्ही म्हणता म्हणून."

एकतीस वर्षं त्यांनी म्हटलेलं पुरत होतं. ते खाली बसले.

समितीने ठरवलं की या हंगामात पुन्हा मोजणी करायची, आणि तोवर पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही. मोजणीला दुसरा माणूस कुठून आणायचा, यावर बरंच बोलणं झालं. रविवारी सकाळ घालवायला कुणी तयार होईना. शेवटी वाट पाठ असलेला एकच माणूस आहे म्हणून काटेवाल्यांनाच ठेवलं, पण एका अटीवर. दर रविवारी अर्जदारांपैकी एक जण सोबत चालेल आणि प्रत्येक पानावर दोन सह्या होतील.

"कोण चालेल?" अध्यक्षांनी विचारलं. उरलेले दोन अर्जदार जावयाकडे बघायला लागले.

गोष्ट गोदामापर्यंत पोचायला एक दिवस पुरला. गुरुवारी सकाळी पहिल्याच ट्रकचा ड्रायव्हर खिडकीत वाकून म्हणाला, "काटेवाले, आमचंही गेल्या वर्षीचंच वजन लिहा की. गेल्या वर्षी पीक बरं होतं." मागच्या दोघांनी टाळी दिली. काटेवाल्यांनी बटण दाबलं. दुपारपर्यंत ते वाक्य त्यांनी सहा जणांकडून ऐकलं, प्रत्येकाला ते स्वतःलाच सुचल्यासारखं वाटत होतं. एक म्हातारा शेतकरी मात्र काही न बोलता पावती घेऊन खिडकीशीच उभा राहिला, आणि आत वाकून, चष्मा वर करून पावतीवरचा आकडा आणि यंत्रावरचा आकडा त्याने ताडून पाहिला. एकतीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. त्या संध्याकाळी काटेवाल्यांनी टेबल फिरवलं. यंत्राचं तोंड आता खिडकीकडे आहे. रेघेपलीकडून कुणालाही दिसतं. ते स्वतः मान वाकडी करून वाचतात.

लेक तीन आठवडे घरी आली नाही. फोनवर ती आईशी बोलायची, आणि "बाबांना देऊ का?" विचारलं की तिचं दूध उतू जायचं.

हंगामाचा पहिला रविवार आला. अकराला पाच मिनिटं असताना जावई पंपघराशी मोटारसायकल लावून उभा होता. हातात टोपी. रामराम नाही, नमस्कार नाही.

"किती वेळ लागतो?"

"सव्वा तास."

"एवढ्याशा वाटेला?"

"हळू चालायचं असतं."

निघाले. पहिल्या तीन टप्प्यांत कुरण होतं, तिथे थोडी मिळाली. चार लिंबू, दोन तपकिरी डोळेवाल्या. जावई जरा पुढे गेला.

"मामा, ते एक तिकडे बघा. पिवळं."

"पेटीबाहेर आहे."

"दहा पावलांवर तर आहे."

"पेटी पाच मीटरची आहे."

"आता नियम," जावई म्हणाला. काटेवाल्यांनी ते ऐकून घेतलं. ते ऐकून घ्यायलाच हवं होतं.

सडक उजवीकडे सरळ पुलाकडे जात होती. काटेवाल्यांचे पाय सवयीने तिकडे वळले, अर्धं पाऊल. मग ते डावीकडे चराच्या काठाने चालू लागले. इथे ते दोन वर्षांत आले नव्हते. गहू कमरेइतका उभा होता, एकसारखा, एक ओंबी वर नाही की खाली नाही. काठावरची जमीन उघडी, तपकिरी, वर पापुद्रा धरलेली. त्यांच्या पावलांशिवाय कसलाही आवाज नव्हता. जावयाने हे शेत नेहमी यंत्राच्या काचेमागून, उंचावरून पाहिलं होतं. काठाने पायी तोही पहिल्यांदाच चालत असावा. पाचव्या टप्प्यात तो थांबला, मागे वळला.

"मागे बघायचं नाही," काटेवाले म्हणाले.

"मोजत नाहीये. नुसतं बघतोय." मग जरा वेळाने, "इथे काहीच नाही."

"नाही."

"गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी मी इथे आलोच नाही."

पूल ओलांडून ते पलीकडच्या पट्ट्यात गेले. तिथे गवत गुडघ्यापर्यंत होतं, खाजखुजली होती, जांभळ्या फुलांची झुडपं होती. पेटीत एकवीस आली, त्यात एक फाटकी. काट्यांत अडकलेली विजार सोडवत जावई चालत राहिला.

विटभट्टीशी एका ओट्यावर वही ठेवून काटेवाल्यांनी पान पूर्ण केलं आणि पेन जावयापुढे धरलं. जावयाने पानावरून बोट फिरवलं.

"ही चार शून्यं कशाला? एक रेघ ओढा ना चौथ्यापासून सातव्यापर्यंत."

"नाही. चार वेळा लिहायचं."

जावयाने पेन बराच वेळ धरून ठेवलं. त्याचं शेत होतं, त्याचं औषध होतं, आणि सही त्याची मागितली जात होती. शेवटी त्याने सही केली, घाईने, अर्धी रकान्याबाहेर. टोपी घातली. "पुढच्या रविवारी अकरालाच ना?" एवढं विचारून तो उत्तराची वाट न बघता परत निघाला. मोटारसायकल लांब पंपघराशी होती. तो सडकेनेच गेला, जवळच्या वाटेने.

काटेवाले शिंप्याच्या दुकानाशी आले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. जिन्याच्या खालच्या पायरीवर ते थांबले. त्या मंगळवारनंतर बाईंनी त्यांना बोलावलं नव्हतं, आणि त्यांनी वर जायचं धाडस केलं नव्हतं. शिंप्याने मान वर करून पाहिलं. "वर आहेत," तो म्हणाला, जणू बाई दुसरीकडे कुठे असू शकतात.

दार उघडंच होतं. बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही, म्हणजे त्यांना काटेवाल्यांचा चेहरा दिसत नव्हता. बसायला खुर्ची होती; काटेवाले उभेच राहिले.

"वही आणली आहेस?"

"हो, बाई. दोन सह्या आहेत. दुसरी जावयाची."

"वाच."

त्यांनी पहिले तीन टप्पे वाचले. बाईंनी फाटकी, लिंबू काही विचारलं नाही. खाली शिलाई यंत्र चालू होतं.

"चौथा," काटेवाले म्हणाले. "शून्य."

काटेवाले थांबले.

"पुढे," बाई म्हणाल्या.

"पाचवा. शून्य."

"पुढे."

"सहावा. शून्य."

"आवाज का उतरतोय तुझा? नीट वाच."

काटेवाल्यांनी वही डोळ्यांपासून जरा लांब धरली. अक्षर सुंदर नव्हतं. ओट्यावर, उन्हात, घाईत लिहिलेलं होतं.

"सातवा," ते म्हणाले. "शून्य."

"पुढे."